गाडीत नकाशा घ्यावा की तेच पैसे मागच्या अंगणात घालावे? (नागपूर)

अंगणवाली, बेसा

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत पण पैसे एकच, म्हणून एकत्रच विचारते.

जुनी गाडी काढून नवी घ्यायचं ठरलं आहे. घरात गाडी मीच चालवते. शाळा, बाजार, दवाखाना हे तर रोजचंच, शिवाय माझं माहेर परतवाड्याचं. आई तिथे एकटी असते, त्यामुळे जाणं-येणं सतत सुरू असतं. धाकटी बहीण धारणीला नोकरीला. तिच्याकडे जायचं म्हणजे परतवाड्याच्या पुढे सेमाडोह, हरिसाल करत सगळा मेळघाट पार करायचा. शोरूममधला मुलगा म्हणतो, "मॅडम, वरचं व्हेरिएंट घ्या, गाडीचं स्वतःचं नेव्हिगेशन येतं, मोबाइलची भानगडच नको." मधल्या आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये दीड लाखाच्या आसपास फरक पडून राहिला. स्क्रीन मधल्यातही आहे, मोबाइल जोडला की नकाशा त्यावर दिसतो. फक्त गाडीचा स्वतःचा नकाशा नाही.

नेमके तेवढेच पैसे मी मागच्या अंगणासाठी राखून ठेवलेत. घराच्या मागे बावीस बाय चौदा फुटांची जागा आहे, पश्चिमेला. जमीन काळी. एप्रिल-मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की सासूबाईंच्या काठीचं टोक आत जातं, आणि जुलैत पाय ठेवायची सोय नसते. मागच्या खिडकीला कूलर लागतो, त्याचं पाणी तिथेच भिंतीशी सांडतं. कुरडया, पापड, मुगवड्या, सगळं वाळवण त्याच जागेत होतं, आणि सासूबाईंच्या हातचं वाळवण बंद होईल असं काहीही मला करायचं नाही. मला हवंय ते एवढंच: सासूबाईंना न घसरता चालता यावं, संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून बसता यावं, मोगऱ्याची रांग असावी आणि एक संत्र्याचं झाड असावं.

ठेकेदार म्हणतो, "पूर्ण काँक्रीट करून वरून टाइल्स मारून देतो, विषय संपला." आमच्या ह्यांना लॉन पाहिजे. मुलगी पुण्याहून फोटो पाठवते, त्यात लाकडी डेक आणि काळे गुळगुळीत दगड असतात. आपल्या मे महिन्यात त्यातलं काय टिकेल, हे मला खरंच कळत नाही.

नकाशाबद्दल माझी मुख्य काळजी मेळघाटातली. तिथे रेंज जाते, आणि बाई माणूस एकटी गाडीत असताना स्क्रीन कोरा झाला तर बरं वाटत नाही. दुसरं, वर्धा रोडच्या डबल डेकर पुलापाशी मोबाइलला आपण वर आहोत की खाली हे समजतच नाही. गाडीच्या नकाशाला समजतं का? आणि उन्हाळ्यात डॅशबोर्डवरचा मोबाइल तापून बंद पडतो, त्याचं काय करायचं?

जाणकारांनी मोकळेपणाने सांगा. बुकिंग ह्या महिन्यात करायचं आहे.

कामठी रोडवाला

ताई, माझा धंदाच गाडीचा. विमानतळ, पेंच, ताडोबा, पचमढी, जिकडचं भाडं लागेल तिकडे जातो. माझं स्पष्ट मत सांगतो: नकाशासाठी दीड लाख देऊ नका.

आधी मेळघाटाचं. रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही. जीपीएसचा सिग्नल थेट उपग्रहावरून येतो, मोबाइल फक्त तो ऐकतो, त्याला टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो नकाशाचं चित्र उतरवून घ्यायला. म्हणून रेंज गेली की निळा ठिपका बरोबर जागी असतो, पण त्याच्या खालचा रस्ताच दिसत नाही. उपाय सोपा आहे. घरी वायफायवर असताना अमरावतीपासून धारणीपर्यंतचा सगळा चौकोन ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. ते झालं की सेमाडोहच्या पुढे रेंज नसली तरी वळणंबिळणं सगळं बोलून सांगतो. फक्त ट्रॅफिक दाखवणार नाही, आणि त्या रस्त्यावर त्याची गरजही नाही. एक पाळा, ॲप परतवाड्यातच सुरू करा. रेंज असताना मोबाइलला उपग्रह लवकर सापडतात. जंगलात मधेच मोबाइल बंद करून चालू केला तर ठिपका यायला वेळ लागतो आणि माणूस उगाच घाबरतो. आणि डाउनलोड केलेला नकाशा मधूनमधून अपडेट करत जा, तो कायमचा राहत नाही.

आता पुलाचं. अजनीपासून विमानतळाच्या बाजूपर्यंतचा पूल, खाली रस्ता, मधे पूल, वर मेट्रो. मोबाइल काय आणि गाडी काय, दोघांनाही जागा कळते ती वरून पाहिल्यासारखी. उंचीचा अंदाज इतका कच्चा असतो की वरचा मजला की खालचा हे त्यावरून ठरत नाही. आजकाल ॲप "पुलावर चढा" असं आधी सांगतो, पण अजनी चौकाच्या आधी पाटी पाहणं हाच खरा इलाज. छत्रपती नगर, जयप्रकाश नगर करायचं असेल तर खालून चला. आमच्या कामठी रोडला तर त्याहून अवघड. २०२४ च्या ऑक्टोबरात एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक पूल सुरू झाला, आणि गड्डीगोदामला रस्ता, रेल्वे, पूल, मेट्रो असे चार थर आहेत. त्याच्या खाली आभाळच दिसत नाही तर उपग्रह कुठून दिसणार? तिथे ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. आपण सरळ चालत राहायचं, पुढे मोकळं लागलं की आपोआप जागेवर येतो.

गाडीच्या नकाशाची खरी अडचण वेगळी आहे. आधी ज्या मालकाकडे होतो त्यांच्या गाडीत कंपनीचा नकाशा होता, मेमरी कार्डावरचा. समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. मी शिवमडक्याहून वर चढलो की स्क्रीनवर गाडी वावरातून चाललेली दिसायची आणि बाई "मागे वळा, मागे वळा" म्हणत राहायची. नवीन कार्डाचे वेगळे पैसे. मालकांनी शेवटी मोबाइलच जोडून दिला.

आणखी एक. इतवारी-महालात जाताना ॲपमध्ये कारचंच चिन्ह निवडलेलं आहे ना, ते पाहत जा. स्कूटीचं राहून गेलं असेल तर अशा बोळीत नेतो की दोन्ही आरसे मिटवूनही गाडी निघत नाही.

प्रतापनगरकर

कामठी रोडवाल्या भाऊंचं बरंच पटलं, पण गाडीतल्या नेव्हिगेशनची बाजूही सांगायला पाहिजे. मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करतो.

गाडीत बसवलेल्या चांगल्या प्रणालीला छतावरचा अँटेना असतो, आणि चाकं किती फिरली, गाडी कोणत्या बाजूला वळली हेही तिला कळतं. त्यामुळे सिग्नल पूर्ण गेला तरी ती हिशेब करून ठिपका पुढे नेत राहते. समृद्धीच्या शेवटच्या टप्प्यात, जो ५ जून २०२५ ला खुला झाला, इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे मोबाइलचा ठिपका अडखळतो, गाडीचा चालत राहतो. गड्डीगोदामच्या पुलाखालीही हाच फरक दिसेल. पण ताई, तुमचे रस्ते नागपूर-अमरावती-परतवाडा-धारणी. त्यात बोगदा नाही. मेळघाटात झाडी दाट असली तरी ठिपका जायइतकी नाही. म्हणजे ज्या गुणाचे पैसे द्यायचे, तो गुण तुम्हाला वर्षातून क्वचितच उपयोगी पडेल. शिवाय मोबाइल जोडल्यावर काही गाड्या आपल्याच अँटेनाची माहिती मोबाइलच्या नकाशाला देतात. मधल्या व्हेरिएंटमध्ये तशी सोय आहे का, हे टेस्ट ड्राइव्हच्या वेळी विचारून घ्या.

उष्णतेचा मुद्दा मात्र मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि नागपुरात तो कुणी पुरेसा गंभीरपणे घेत नाही. आयफोन बनवणारी कंपनी स्वतः सांगते, की फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, आणि काचेखाली डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. त्यात चार्जिंग सुरू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस सुरू. फोन स्वतःला वाचवायला आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंदच पडतो. काचेला चिकटवायचा स्टँड काढूनच टाका. एसीच्या जाळीला अडकणारा स्टँड घ्या, थंड हवा फोनच्या पाठीवर येईल. चार्जिंग वायरनेच करा, वायरलेस चार्जिंगने फोन जास्त तापतो. आणि गाडीच्या स्क्रीनला जोडलात तर फोनचा स्वतःचा स्क्रीन बंद ठेवता येतो, बरीच उष्णता तिथेच कमी होते. फोन सीटखालच्या सावलीत ठेवा, नकाशा समोर मोठ्या स्क्रीनवर पाहा. मधलं व्हेरिएंट यासाठीच पुरेसं आहे.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट केलं आहे, की हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येईल, तेही चालवण्यावरचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हातात धरून स्क्रोल करणं त्यात बसत नाही. पत्ता गाडी उभी असतानाच टाका.

वरच्या व्हेरिएंटमध्ये जास्त एअरबॅग किंवा आणखी काही सुरक्षेचं असेल, तर हिशेब वेगळा होईल. तेवढं तपासा. फक्त नकाशा आणि मोठा स्क्रीन असेल तर मधलंच घ्या.

अंगणवाली, बेसा

दोघांचेही आभार. एअरबॅग दोन्हीत सारख्याच आहेत, आजच विचारून घेतलं. वरच्यात नकाशा, मोठा स्क्रीन आणि छतात उघडणारी काच, एवढंच जास्त. छतातली काच मला आपल्या उन्हात नकोच आहे.

काल रात्री अमरावती ते धारणी नकाशा उतरवून घेतला आणि फोनचं इंटरनेट बंद करून शाळेपर्यंत गेले. सगळी वळणं बरोबर बोलला. आईकडे जाताना आता जीवाला घोर लागणार नाही.

म्हणजे अंगणाचे पैसे अंगणालाच. त्याबद्दल कुणी सांगेल का? ठेकेदार रोज फोन करून राहिला.

मुरूम-गिट्टी

ताई, त्या ठेकेदाराला थांबवा. काळ्या जमिनीवर सरसकट काँक्रीट ओतून टाइल्स लावायच्या, हे काम दोन पावसाळे टिकत नाही. मी बांधकामातला आहे, बेसा-पिपळा-घोगली भागात ह्या मातीशी माझा रोजचा संबंध येतो.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. तुमच्या भेगा म्हणजे तेच आकसणं. ती एकसारखी फुगत नाही. कूलरचं पाणी जिथे सांडतं तिथे जास्त फुगेल, कोरड्या बाजूला कमी. वरचं काँक्रीट कडक, त्याला वाकता येत नाही, म्हणून तडकतं. त्यावरच्या टाइल्स आधी पोकळ वाजायला लागतात, मग सुटतात. आणि फरशीपेक्षा मोठी गोष्ट: कूलरचं पाणी भिंतीशी सांडू देणं आजपासून बंद करा. पायाच्या एकाच बाजूला ओल राहिली तर घराच्या भिंतीलाही तडा जाऊ शकतो. साधा पाइप लावून ते पाणी भिंतीपासून लांब काढा.

आता काय करायचं ते. बावीस बाय चौदा पूर्ण झाकू नका. घराला लागून चौदा बाय दहा फुटांचा तुकडा पक्का करा, बाकी माती झाडांना. त्या तुकड्यातली काळी माती दोन फूट खोल काढून टाका. पैसे इथे जातात आणि लोक नेमके इथेच वाचवतात. खड्ड्यात मुरूम भरायचा, पण एकदम नाही. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी मारायचं, धुम्मसाने किंवा मशीनने चोपायचं, मग पुढचा थर. असा सोळा इंच झाला की वर चार इंच गिट्टी, तीही चोपायची. मग दीड इंच चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, आणि चुरीवर साठ मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक. सिमेंट कुठेच नाही. कडेला मात्र विटांची किंवा काँक्रीटची पक्की बॉर्डर पाहिजे, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात. फटीत बारीक कोरडी रेती झाडूने भरायची.

याचा फायदा असा, की पुढेमागे कुठे खचलं तर तेवढेच ब्लॉक उचलायचे, चुरी टाकायची, परत बसवायचे. खालून पाइप न्यायचा असला तरी तोडफोड नाही.

मुरूम किती लागेल ते आत्ताच सांगतो, म्हणजे कुणी फसवणार नाही. चौदा गुणिले दहा, एकशे चाळीस चौरस फूट. सोळा इंच म्हणजे सव्वा फुटाच्या थोडं वर. चोपलेला मुरूम एकशे नव्वद घनफुटांच्या आत बसतो, पण सैल मुरूम चोपल्यावर पाव हिस्सा दबतो, म्हणून अडीच ब्रास मागवा, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गिट्टी अर्धा ब्रास. कुणी पाच ब्रास म्हणत असेल तर त्याला मोजून दाखवायला सांगा. मुरूम आला की हातात घेऊन पाहा. पाणी टाकून चोळल्यावर चिकट लगदा होत असेल तर त्यात माती जास्त आहे, ती गाडी परत पाठवा.

उतार घरापासून बाहेरच्या बाजूला. दहा फुटांत दीड इंच. एवढा उतार चालताना पायाला कळत नाही, पण पाणी थांबत नाही.

रंग फिकट राखाडी घ्या. मुलीच्या फोटोतला काळा दगड मेच्या दुपारी अनवाणी पायाला सोसणार नाही, आणि रात्री नऊपर्यंत गरम वाफ टाकत राहील. गुळगुळीत कोटा किंवा पॉलिश केलेली कोणतीही फरशी सासूबाईंसाठी नकोच, पावसात शेवाळ धरते. लाकडी डेकला इथे वाळवी लागते.

काटोलची काकू

मुली, फरशीचं सांगून झालं, आता झाडांचं ऐक. मी नागपुरातच राहते, पण आमची संत्र्याची बाग काटोलला आहे, सारं आयुष्य त्यातच गेलं.

लॉन विसरून जा. ह्यांना समजावून सांग की पश्चिमेचं ऊन आणि काळी माती, दोन्हींत लॉनला मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागेल. त्या पाण्यात संत्रा आणि मोगरा दोन्ही वाढतील आणि वर पाणी उरेल.

संत्रा लाव, पण तो असा लावायचा की पाण्यात उभा राहणार नाही. काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की मुळं सडतात आणि खोडातून डिंक गळायला लागतो. त्याला आम्ही डिंक्या म्हणतो. एकदा लागला की झाड हळूहळू वाळत जातं, मला ते पाहवत नाही. म्हणून खड्ड्यात नाही, उंचवट्यावर लावायचं. अंगणातून निघालेली काळी माती, थोडा मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून दीड फुटाचा ओटा कर, चार-पाच फूट रुंद. कलमाचा जोड मातीपासून निदान सहा इंच वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला की रोग आलाच समज. पाणी देताना दोन आळी कर, खोडाभोवती एक कोरडं आणि त्याच्या बाहेर पाण्याचं, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लाव, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. तुझ्या एका झाडाला शंभर ग्रॅमची पेस्टही पुष्कळ होते. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नकोस, प्लास्टिकची बादली घे.

कलम रस्त्यावरच्या गाड्यावरून घेऊ नकोस. अमरावती रोडला केंद्र सरकारची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, तिथे खात्रीची कलमं मिळतात. आधी फोन करून विचार, सगळ्याच वेळी नसतात. लावायचं मात्र जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चांगला पडून गेल्यावर. आत्ता उन्हाळ्यात लावलंस तर जगवण्यातच जीव जाईल.

आता सावली. हे मला सर्वात आधी सांगायचं होतं. उन्हाळ्यात सूर्य सरळ पश्चिमेला मावळत नाही, तो वायव्येकडे सरकतो. मेच्या शेवटाला तर दुपारी बाराला तो नागपूरच्या डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणून संध्याकाळी बसायच्या जागेला सावली वायव्येकडून पाहिजे. त्या कोपऱ्यात लोखंडी कमान करून मधुमालती चढव. ऊन तिला सोसतं, आणि संध्याकाळी फुलांचा वास अंगणभर होतो. संत्रा नैर्ऋत्येला लाव. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, त्याला चांगलं ऊन मिळेल.

वाळवणाला काही धक्का लागत नाही. तुझं अंगण पश्चिमेला, म्हणजे सकाळी दहा-अकरापर्यंत घराचीच सावली असते. सासूबाई कुरडया घालतील तोवर गारवा, मग अकरा ते तीन कडक ऊन, आणि त्यानंतर मधुमालतीची सावली हळूहळू पुढे येईल. त्याच पेव्हरवर खाट टाकून त्यांचं काम होईल, धूळही बसणार नाही. हिरवी नेट लावायची असेल तर आकड्यांना अडकवता-काढता येईल अशी लाव. कायमची बांधलीस तर वाळवण ओलं राहील आणि सासूबाई रोज म्हणतील.

मोगरा उंबऱ्याजवळ, दक्षिणेच्या कडेला. फेब्रुवारीत छाटायचा, शेणखत द्यायचं, मार्च-एप्रिलमध्ये कळ्या धरतात.

एक शेवटचं. कूलरच्या टाकीतलं पाणी झाडांना रोज टाकू नकोस. हवेत पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच साचत जातात. जाळीवर पांढरं बसतं ना, तेच. ते पाणी मोगऱ्याच्या मुळाशी रोज गेलं तर पानं कडेने करपतात. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करत जा, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

अंगणवाली, बेसा

काकू, तुमचं वाचून मी दुपारी खुर्ची घेऊन मागे जाऊन बसले आणि ऊन कुठून येतं ते पाहिलं. वायव्येचा कोपरा म्हणजे आमच्या कंपाउंडचा तोच कोपरा, जिथे सध्या जुन्या विटा पडल्या आहेत. त्या विटा आता पेव्हरच्या बॉर्डरला कामी येतील. सासूबाईंना संत्र्याचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ओटा करशील तर माझी बसायची जागाही त्यालाच लागून कर." म्हणजे त्यांचीही संमती आहे.

मधलं व्हेरिएंट उद्या बुक करते. ठेकेदाराला कळवलं. तो म्हणाला, "दोन फूट खोदायची काय गरज, सहा इंच पुष्कळ." मी त्याला हा धागाच वाचायला पाठवला आहे.

मुरूम-गिट्टी भाऊ, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. काम आत्ता काढलं तर मृगाच्या आधी होईल का? आणि छतावरून येणारं पावसाचं पाणी पाइपने त्याच अंगणात पडतं, त्यासाठी शोषखड्डा करावा का?

मुरूम-गिट्टी

सहा इंच पुष्कळ म्हणणाऱ्याला लेखी विचारा, की खचलं तर स्वतःच्या खर्चाने परत बसवून देशील का. उत्तरावरून सगळं समजतं.

मृगाच्या आधी आरामात होईल. खोदणं, भरणं, चोपणं, ब्लॉक बसवणं, एवढ्या जागेला आठवडा पुरतो, मशीन असेल तर त्याहून कमी. उन्हाळ्यातच करा, कारण आत्ता माती पूर्ण आकसलेली आहे, भेगा दिसतात, खड्डा कोरडा मिळतो. पाऊस सुरू झाल्यावर खोदलं तर चिखलावर मुरूम पडतो आणि चोपूनही बसत नाही. फक्त थर चोपताना पाणी कमी पडू देऊ नका. सकाळी लवकर काम करा, दुपारी मजुरांना सुट्टी द्या.

शोषखड्डा करायला हरकत नाही, पण काळ्या मातीत पाणी फार हळू मुरतं. जुलैत एकदा झड लागली की खड्डा भरून वर येईल. म्हणून त्याला वरच्या बाजूने बाहेर जाणारा पाइप ठेवाच, रस्त्याच्या नालीपर्यंत. खड्डा घराच्या पायापासून जितका लांब जमेल तितका लांब, आणि संत्र्याच्या ओट्याजवळ नाही. छताचं पाणी थेट पेव्हरवर पडू देऊ नका, फटीतली रेती धुऊन जाते. खालून पाइप टाकायचा असेल तर तो गिट्टीचा थर टाकायच्या आधी टाका, आत्ताच सांगून ठेवतो.

आणि ब्लॉक बसले की मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी भिंतीशी दोन बादल्या पाणी ओता. सगळं पाणी बाहेरच्या कडेला गेलं पाहिजे. मधे कुठे डबकं राहिलं तर तिथले ब्लॉक त्याच दिवशी उचलून चुरी सारखी करून घ्या, तो तिथे असतानाच.

कामठी रोडवाला

ताई, मुरूम पाहिजे असेल तर सांगा. आमच्या भागातले टिप्परवाले ओळखीचे आहेत, ब्रास मोजून टाकतात. मुरूम-गिट्टी भाऊंनी सांगितलं तसं चोळून पाहिल्याशिवाय खाली करू देऊ नका, मी त्यांना तसं आधीच सांगून ठेवतो. आणि नवीन गाडी घेऊन धारणीला निघाल तेव्हा टाकी परतवाड्यातच फुल्ल करा. पुढे जंगलात पंपाच्या भरवशावर राहू नका.